पहिली खिडकी कुठली?

नाना ग्राफ वाचत नसत. आधी ते ग्राफचं डावं-उजवं बघत.

पुण्यातल्या ज्या संस्थेत मी पावसापाण्याची आणि पिकांची आकडेमोड करायला लागले, तिथे प्रिंटर नानांच्या टेबलाला खेटून होता. तो तिथे कुणी ठेवला हे विचारायची गरज नव्हती. कुणाचाही कागद बाहेर पडला, की मालक खुर्चीतून उठेपर्यंत तो नानांच्या हातात असायचा. चष्मा कपाळावर, कागद नाकापासून वीतभर लांब, आणि मग तो प्रश्न, "पहिली खिडकी कुठली?"

खिडकी म्हणजे पॅनेल. एकाच कागदावर एकाच मापाचे पाच-पंचवीस छोटे ग्राफ शेजारी शेजारी छापायचे, प्रत्येकाच्या डोक्यावर नावाची पट्टी, कुठे जिल्ह्याची, कुठे महिन्याची, कुठे वाणाची, हा आमचा रोजचा धंदा. बाकीचे त्याला पॅनेल म्हणत. नानांचं सगळं आयुष्य चाळीत गेलेलं. कुठल्या खिडकीशेजारी कुठली खिडकी आली यावरच माणसं काय बघणार आणि कशावरून भांडणार हे ठरतं, असं त्यांचं म्हणणं.

माझा पहिला ग्राफ पावसाळ्याच्या चार महिन्यांचा होता. कोकणातल्या काही केंद्रांवरचा रोजचा पाऊस, चार महिने, चार खिडक्या, दोनावर दोन. ‘आर’ या संगणकभाषेत, तिच्यातलं लॅटिस पॅकेज वापरून काढलेला. मला तो देखणा वाटला होता. नानांनी वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"जून. त्याच्या शेजारी सप्टेंबर. म्हणजे मृग झाला की थेट घट बसवायचे?"

मी गप्प.

"आणि खाली ऑगस्ट, मग जुलै. तुमच्याकडे आधी दहीहंडी आणि मग आषाढी करतात वाटतं."

त्या एका कागदात दोन चुका एकमेकींच्या गळ्यात गळा घालून बसल्या होत्या. पहिली अशी, की महिन्यांची नावं यंत्राला नुसती अक्षरं म्हणून दिली तर ते ती बाराखडीने लावतं. गंमत म्हणजे इंग्रजीत लावा की मराठीत, या चार महिन्यांचा क्रम तोच येतो: ऑगस्ट, जुलै, जून, सप्टेंबर. दुसरी चूक माझी नव्हती, लॅटिसची रीतच ती. ते पहिली खिडकी खाली डावीकडे ठेवतं आणि वर चढत जातं. त्यामुळे ऑगस्ट-जुलै तळमजल्यावर आणि जून-सप्टेंबर वरच्या मजल्यावर.

"खालून का सुरू करतं पण?" मी विचारलं. विचारायला नको होतं. नानांनी पेन खाली ठेवलं.

नानांच्या खिशात पेनं दोन. निळं डावीकडे, लाल उजवीकडे. निळं खाली ठेवलं की दहा मिनिटं, लाल खाली ठेवलं की तासाची निश्चिंती. त्या दिवशी दोन्ही ठेवली.

मूळ कारण सरळ आहे. ग्राफचा उभा अक्ष खालून वर वाढतो. शून्य तळाला, मोठा आकडा माथ्याला. मग खिडक्यांनीही तसंच वाढावं, लहान खाली, मोठी वर, हा बेल लॅब्जमधल्या लोकांचा विचार. तिथे बिल क्लीव्हलंड, रिक बेकर आणि मंडळींनी ‘ट्रेलिस’ नावाची ही सगळी पद्धत बसवली. पुढे दीपायन सरकार यांनी ती ‘लॅटिस’ नावाने ‘आर’मध्ये आणली. वरून खाली हवं असेल तर ‘ॲज टेबल’ म्हणून सांगायचं, की खिडक्या तक्त्यासारख्या वर डावीकडून सुरू होतात. एवढंच. पण नानांचं एवढ्यावर भागत नसे. ट्रेलिस म्हणजे वेलाचा मांडव ना? वेल कुठून चढतो? खालून! मग पहिली खिडकी खालीच असणार! ही व्युत्पत्ती त्यांनी इतक्या वर्षांत इतक्या लोकांना सांगितली होती की ती खोटी आहे हे आता त्यांनाही आठवत नसावं.

त्यांचं खरं शास्त्र मात्र बेल लॅब्जमधून आलेलं नव्हतं, पंगतीतून आलेलं होतं. नवीन माणूस लागला की त्याला कँटीनमध्ये नेऊन रिकामं ताट समोर ठेवत. "मीठ कुठे? वर मध्यावर. लिंबू? त्याच्या डाव्या हाताला. चटणी, कोशिंबीर? डावीकडेच. भाजी? उजवीकडे. आता भाजी डावीकडे वाढली तर चव बदलेल का?" समोरचा म्हणे, नाही. "पण तुझी आजी ताटावरून उठेल. का? तिच्या हाताला ठाऊक असतं काय कुठे मिळणार. वाचकाच्या डोळ्याचा हात असतो, रे. तो चाचपडायला लागला की जेवण संपलं."

ताट पुसून परत देताना ते कालनिर्णयाकडे बोट दाखवत. "आणि हे बघ. वार डावीकडे एकाखाली एक, तारखा वरून खाली उतरतात. कुणी कधी चुकलं? लहानपणापासून सवय आहे. उद्या आडव्या लावल्या तर अर्ध्या पुण्याची चतुर्थी चुकेल."

लॅटिसची आणखी एक खोड नानांना मनापासून आवडायची, कारण तिच्यात सगळे पडायचे. ‘आर’मध्ये इतर बहुतेक ठिकाणी आधी ओळी सांगायच्या, मग रकाने. लॅटिसच्या मांडणीत उलटं: आधी रकाने, मग ओळी. तीन ओळी दोन रकाने हवे म्हणून कुणी तीन, दोन असं लिहिलं की आडवा, बुटका कागद बाहेर पडायचा, आणि नाना तो उभा धरून, आडवा धरून, पुन्हा उभा धरून बघायचे. बोलायचे काही नाहीत. तेवढं पुरे असायचं.

मी हे थट्टेने सांगते आहे खरी, पण नानांनी एकदा जे पकडलं ते बघून माझी थट्टा निम्म्यावर आली.

आमच्यातला सगळ्यात धाकटा मुलगा, ज्याला शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे बारक्या म्हणत, त्याने माझ्याच पावसाचा ग्राफ पुढच्या वर्षासाठी काढला. खिडक्या अगदी बरोबर: जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. मी शाबासकी दिली. नानांनी कागद उचलला, नाकाजवळ नेला आणि प्रथमच पहिल्या खिडकीबद्दल विचारलं नाही.

"बारक्या, जूनला दिवस किती?"

"तीस."

"मग हा एकतिसावा ठिपका कुणाचा?"

जूनच्या खिडकीत 31 तारखेला पाऊस पडला होता. चांगला दोन बोटं उंच.

झालं होतं असं. क्रम बदलायचा तर महिन्यांच्या यादीला सांगायचं असतं, की बाई, तुझा क्रम आता असा धर. बारक्याने त्याऐवजी आधीच्या, बाराखडीने लावलेल्या यादीवर नवीन नावांच्या चिठ्ठ्या डकवल्या. पहिला होता ऑगस्ट, त्याच्यावर ‘जून’ डकवलं. दुसरा जुलै, त्याच्यावर ‘जुलै’. तिसरा जून, त्याच्यावर ‘ऑगस्ट’. चौथा सप्टेंबर, तो सप्टेंबरच राहिला. म्हणजे जुलै आणि सप्टेंबर आपापल्या घरी, आणि जून-ऑगस्टची पाटी तेवढी अदलाबदल. दोन खिडक्या खऱ्या असल्यामुळे बाकी दोघींवर कुणाचा संशय गेला नाही. यंत्राने हूं की चूं केलं नाही. खिडकी हलवणं आणि पाटी बदलणं यात त्याला काहीच फरक वाटत नाही. आज्ञाही दोन अक्षरं इकडेतिकडे, इतक्या जवळच्या आहेत.

त्या दिवशी नाना बारक्यावर ओरडले नाहीत. लाल पेनाने त्या एकतिसाव्या ठिपक्याभोवती गोल केला आणि कागद आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला. पुढे कुणी ‘एवढं काय त्यात’ म्हटलं की ड्रॉवर उघडायचा.

याच ड्रॉवरमध्ये दुसरा एक कागद होता. तो निघाला की समजायचं, आता सातूची कथा. ही कथा नाना सत्यनारायणाच्या पोथीसारखी सांगत. मध्येच उठणाऱ्याला प्रसाद नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटात 1931 आणि 1932 या दोन वर्षांत सहा ठिकाणी सातूचे दहा वाण पेरून उत्पादन मोजलं. इमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते 1934 साली छापलं. सगळे मिळून 120 आकडे, आमच्या इथे एका दुपारची हमाली. संख्याशास्त्रज्ञ फिशरसाहेबांनी पुढच्याच वर्षी ते आपल्या प्रयोगरचनेच्या पुस्तकात घेतले, नंतर आणखी दिग्गजांनी चिवडले. क्लीव्हलंड यांनी सहा ठिकाणांच्या सहा खिडक्या केल्या आणि त्या एकावर एक रचल्या. बाराखडीने नव्हे हं. मध्यकाने! ज्या ठिकाणचं मधलं उत्पादन सर्वांत कमी ते तळाला, सर्वांत जास्त ते माथ्यावर. आतले वाणही तसेच लावले. दोन वर्षांना दोन खुणा. आता डोळा एका दमात जिना चढतो: ग्रँड रॅपिड्स, डुलुथ, युनिव्हर्सिटी फार्म... आणि मॉरिसच्या पायरीवर अडखळतो. बाकी पाचही ठिकाणी 1931 साल 1932 पेक्षा चांगलं, मॉरिसला उलटं! क्लीव्हलंड यांना वाटलं, इथे वर्षांची अदलाबदल झालीय. 1993 सालच्या त्यांच्या पुस्तकात हे सगळं आहे. आकडे तेच, फिशरच्या हाताखालून गेलेले.

इथे नाना थांबत, आणि श्रोत्याकडे अशा नजरेने बघत की जणू मॉरिसला सातू त्यांनीच पेरला होता.

मी एकदा खोडसाळपणा केला. 2013 मध्ये केविन राइट यांनी त्या प्रयोगांची आणखी वर्षांची आकडेवारी बाहेर काढून मांडलं, की मॉरिसला अदलाबदल झाली असं म्हणायचं कारण नाही, अशा उलथापालथी त्या प्रयोगांत होतच होत्या. ते मी नानांना वाचून दाखवलं. माझी अपेक्षा, आता पोथी बंद. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरं झालं. चोरी झाली नव्हती. पण दार उघडं दिसलं होतं ना? म्हणून तर तो माणूस बघायला गेला." आणि कथेला एक अध्याय वाढला.

तरी महाराष्ट्राच्या छत्तीस जिल्ह्यांनी नानांना जेरीला आणलं.

छत्तीस खिडक्या, सहा गुणिले सहा. आकड्याने चौरस, डोक्याने चक्रम. इंग्रजी बाराखडीने आणि लॅटिसच्या रीतीने लावलं की राज्याच्या दक्षिण टोकाचा सिंधुदुर्ग वर डाव्या कोपऱ्यात, जिथे नकाशात नंदुरबार असायला हवा. आणि तेव्हाचा अहमदनगर तळाला. एका बैठकीत नगरकडचे एक पाहुणे तो कागद बघून हळूच म्हणाले, "आमचा जिल्हा इतका खाली गेलाय?" त्यांना बिचाऱ्यांना नंबर वाटला. त्यांच्या जिल्ह्याचं नाव ‘ए’ने सुरू होतं हा त्यांचा गुन्हा. नानांनी पाहुण्यांचे हात हातात घेतले. आयुष्यभर जे सांगत आले ते आज एक परका माणूस आपण होऊन बोलला होता. चहाबरोबर त्या दिवशी बाकरवडी आली.

2023 मध्ये जिल्ह्यांची नावं बदलली, तेव्हा गावभर त्यावर काय काय मतं होती. नानांचं मत कळलं नाही, त्यांचा त्रास तेवढा कळला. औरंगाबाद यादीत चौथा होता, तो छत्रपती संभाजीनगर होऊन आठवा झाला. उस्मानाबाद तेविसावा, तो धाराशिव होऊन नववा. बीडपासून नाशिकपर्यंत सगळे एकेक घर इकडे किंवा तिकडे सरकले, आणि पालघरपासून पुढच्यांना काही घडल्याचं कळलंसुद्धा नाही. आमच्या एका जुन्या फाइलीत कुणीतरी खिडक्यांचा क्रम नंबरांनी दिला होता: आधी सतरावा, मग तिसरा, मग असाच कुठलातरी. ती मांडणी कोसळली. नानांनी जी नावाने लावली होती तिच्यात दोन नावं बदलून काम भागलं. "नावाने हाक मार," ते बारक्याला म्हणाले, "नंबर कैद्यांना असतात."

मग त्यांनी ठरवलं, खिडक्या नकाशासारख्याच लावायच्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून छत्तीस चिठ्ठ्या केल्या आणि बैठकीच्या लांब टेबलावर महाराष्ट्र मांडायला घेतला. गोंदिया तिकडे टोकाला, गडचिरोली त्याच्या खाली, कोकण डावीकडे एकाखाली एक. मुंबई शहर आणि उपनगर यांना मिळून एक घर द्यायचं की दोन, यात एक दुपार गेली. जिथे समुद्र किंवा परराज्य तिथे रिकामी घरं. बीडला चारी बाजूंनी इतके शेजारी निघाले की नानांनी तीन वेळा उठून खऱ्या नकाशाची माफी मागितली. चौथ्या दिवशी वीज गेली, आली, पंखा एकदम पाचावर सुरू झाला आणि वाशीम माझ्या चहाच्या कपात पडलं.

घरी नानांच्या बायकोपुढे, आमच्या वहिनींपुढे, यातलं काहीच चालत नसे. नानांनी एका रविवारी स्वयंपाकघरातले डबे ‘वापराच्या मध्यकाने’ लावले होते. वहिनींनी फोडणी करपेपर्यंत हिंग शोधला आणि मग एक वाक्य उच्चारलं, जे नाना स्वतःच हसत सांगत: "तुमचा मध्यक ठेवा बाजूला, माझा हिंग द्या." तरी मिसळणाच्या डब्याने त्यांना कायम छळलं. सात गोल वाट्या, सहा कडेने आणि एक मध्ये. गोलात सुरुवात कुठे? खालून म्हणावं तर खालची बाजू कुठली? डबा तर फिरतो! त्यांनी वहिनींना गंभीरपणे विचारलं, "यातली पहिली वाटी कुठली?"

"जिच्यातली मोहरी संपलीय ती. दुकानात जाऊन या."

नानांचा दोष सांगायचा तर त्यांचं कधीच संपत नसे. पिकांच्या अहवालात प्रत्येक पिकाच्या पानावर जिल्हे त्या त्या पिकाच्या मध्यकाने लावायचे म्हटल्यावर ज्वारीच्या पानावर सोलापूर एकीकडे, सोयाबीनच्या पानावर भलतीकडे. अहवाल दोन महिने रखडला. शेवटी मी भांडले. म्हटलं, नाना, लातूरच्या माणसाला लातूर शोधायचं असतं. दर पानावर त्याने लपाछपी का खेळायची? एकदा बाराखडीने लावा, सगळीकडे तेच ठेवा, मोकळे व्हा. नाना दोन दिवस माझ्याशी फक्त चहापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी टेबलावर चिठ्ठी, निळ्या पेनाने: "शोधायचं असेल त्याला तक्ता दे. ग्राफ बघायला असतो." खाली लाल पेनाने: "पण लातूरचं पटलं." अहवालात शेवटी दोन्ही गेलं. एकच क्रम ठेवला, पाचही पिकांत चालेल असा, आणि तो ठरवायला नानांनी आणखी एक महिना घेतला.

ते निवृत्त झाले तेव्हा बारक्याने मनापासून एक काम केलं. नानांचे रुजू झाल्यापासूनचे बारा फोटो जमवले, फाइलींना 1 ते 12 नावं दिली, संगणकाला सांगितलं चार रकाने, तीन ओळी, आणि जसे आले तसे ते भिंतीवरच्या मोठ्या पुठ्ठ्यावर टाचण्यांनी लावले. संगणकाला ते आकडे आकडे वाटलेच नाहीत, अक्षरं वाटली. त्याने लावलं 1, 10, 11, 12, मग 2, 3, 4... त्यामुळे पहिल्या फोटोत नाना कान झाकणारे दाट केस ठेवून हसताहेत, पुढच्या तिन्हींत चक्क टक्कल, आणि खालच्या ओळीत केस पुन्हा उगवलेत.

भाषणं झाली. संचालक शाल-श्रीफळ घेऊन उभे राहिले. नाना उठले आणि शालीकडे न जाता पुठ्ठ्याकडे गेले. चष्मा कपाळावर.

"वरून वाचलं," ते म्हणाले, "तर एकच जागेवर आहे. पहिला. लॅटिससारखं खालून वाचलं तर तीन. दहा, अकरा, बारा."

"म्हणजे जमलंय थोडंफार?" बारक्याने विचारलं.

नानांनी टाचण्या काढायला सुरुवात केली. संचालकांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. फोटो टेबलावर ओळीने पडत गेले, केस हळूहळू विरळ होत गेले. शेवटचा बारावा, त्याच महिन्यातला, आवरलेल्या टेबलामागे बसलेला, तो नानांच्या हातातच राहिला. तो त्यांनी एकदा वरच्या कोपऱ्यावर धरून पाहिला, एकदा खालच्या. मग शर्टाच्या खिशात सरकवला, लाल पेनाशेजारी.

"अकराच लाव," ते बारक्याला म्हणाले. "एक घर रिकामं सोड. लॅटिसमध्ये त्याची सोय आहे, स्किप म्हणतात."

बारक्या स्टुलावर चढला, तोंडात टाचण्या धरल्या आणि वळून विचारलं, "रिकामं कुठलं सोडू, नाना? वरचं की खालचं?"